राजूर घाटातला गिअर, मांडवातला कॅमेरा

रविवारी सकाळी बुलढाण्याहून चार मित्र सायकली घेऊन राजूर घाट उतरतात. त्यातला एक वळणावर थांबतो आणि मागून येणाऱ्याचा मोबाईलवर फोटो काढतो. सायकल ताशी 25 किलोमीटरने येते आहे, तरी फोटो लख्ख निघतो. हेल्मेटचा पट्टा दिसतो, कपाळावरचा घाम दिसतो. त्याच संध्याकाळी तोच मित्र तोच मोबाईल घेऊन मामेबहिणीच्या लग्नाला जातो. गोरज मुहूर्त. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, तो बटण दाबतो. नवरी आणि नवरदेव जागचे हललेले नाहीत, तरी चेहरे पुसट आले आहेत आणि अक्षतांच्या जागी पांढऱ्या रेघा आहेत. शेजारची मावशी मोबाईलमध्ये डोकावून विचारते, "काऊन रे, नवरीचा चेहरा हिरवा दिसून राहिला?"

धावती सायकल स्वच्छ येते आणि उभी नवरी पुसट येते, हे कसं? नोकरी सांभाळून लग्नाच्या ऑर्डर घ्याव्यात असं ज्याच्या मनात आहे, त्याने कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी हे कोडं सोडवावं. उत्तराचा बराचसा भाग त्याच्या सायकलीतच आहे.

हजारपट अंधार

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. मंगल कार्यालयात संध्याकाळी दिवे लागल्यावर तोच उजेड बहुतेक वेळा शे-दोनशे लक्स असतो, म्हणजे पाचशे ते हजार पटीने कमी. आपल्याला तो फरक जाणवत नाही, कारण डोळा न सांगता जुळवून घेतो. बाहुली मोठी होते, पडदा जास्त संवेदनशील होतो, आणि "हॉल कसा झगमगतोय" असं आपण म्हणतो. कॅमेऱ्याला मात्र तो जवळजवळ अंधारच असतो.

उन्हात मोबाईल सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच उजेड आत घेतो. तेवढ्या वेळात ताशी 25 किलोमीटरची सायकल जेमतेम 7 मिलीमीटर सरकते, म्हणून ती फोटोत थांबलेली दिसते. मांडवात तेवढा उजेड पुरत नाही. मग मोबाईल सेकंदाचा तिसावा भाग वाट पाहतो. हाताने फेकलेली अक्षता सेकंदाला तीन मीटर गेली असं धरलं, तर एवढ्या वेळात ती 10 सेंटीमीटर पुढे जाते. तांदळाचा दाणा सहा-सात मिलीमीटरचा, त्याची दहा सेंटीमीटरची रेघ होते. चेहरे पुसट येतात त्याचं कारण फोटो काढणाऱ्याचा हात. तिसाव्या भागात तोही थोडा हलतोच.

उजेडाचे तीन गिअर

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर वसलं आहे. खाली मलकापूरकडचा पूर्णेचा सपाट पट्टा अडीच-तीनशे मीटरवर. म्हणजे मोताळ्याकडून सायकलीने वर यायचं तर स्वतःचं वजन तीनशे मीटरहून जास्त उचलावं लागतं. कोणताही गिअर टाकला तरी घाटाची उंची कमी होत नाही. पुढे 34 दात आणि मागे 34 दात असतील, तर पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, सायकल सुमारे 2.1 मीटर पुढे. पुढे 50 आणि मागे 11 असतील, तर त्याच एका फेऱ्यात ती साडेनऊ मीटर जाते. पहिल्यात पाय हलका पडतो आणि फेरे जास्त मारावे लागतात, दुसऱ्यात उलट. एकूण श्रम तेवढेच.

कॅमेऱ्यात असे तीन गिअर असतात. पहिला छिद्राचा, त्याला ॲपर्चर म्हणतात. लेन्समधल्या खिडकीचं हे माप. आकडा लहान तेवढी खिडकी मोठी, म्हणजे एफ 2.8 ही एफ 16 पेक्षा खूप मोठी. दुसरा शटरचा, म्हणजे खिडकी किती वेळ उघडी ठेवायची याचा. तिसरा आयएसओ. याने उजेड वाढत नाही, आलेला संदेश मोठा केला जातो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचा आवाज मागच्या पंगतीपर्यंत पोचावा म्हणून भोंगा वाढवतात, तेव्हा आवाजाबरोबर त्यातली घरघरही वाढते. फोटोतली घरघर म्हणजे सावलीतले रंगीत दाणे.

तिन्ही गिअरच्या पायऱ्या दुपटीच्या आहेत. शटर 1/100 वरून 1/200 केलं की उजेड निम्मा. ॲपर्चर एफ 2.8 वरून एफ 4 केलं की पुन्हा निम्मा. आयएसओ 800 चा 1600 केला की दुप्पट. आता मांडवाचं गणित करून पाहू. भर उन्हात आयएसओ 100, एफ 16 आणि शटर 1/100 ठेवलं की फोटो बरोबर येतो, हा छायाचित्रकारांचा जुना नियम आहे. मांडवात उजेड पाचशेपट कमी, म्हणजे नऊ पायऱ्या खाली. एफ 16 वरून एफ 2.8 वर आलो की पाच पायऱ्या भरून निघतात. आयएसओ 100 वरून 1600 वर नेला की चार. झाल्या नऊ, आणि शटर अजून 1/100 वरच आहे.

पण 1/100 मध्येही अक्षता तीन सेंटीमीटर सरकते. ती थांबवायची तर 1/500 लागेल, म्हणजे आणखी दोन पायऱ्यांहून जास्त. त्या आयएसओतून काढल्या तर दाणे येतात. लेन्स एफ 1.8 पर्यंत उघडली तर नवरदेवाचे डोळे स्पष्ट येतात आणि हातभर मागे उभी नवरी धूसर होते. कुठून तरी द्यावंच लागतं. अंतरपाट खाली आला त्या क्षणी काय सोडायचं, हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याचा फोटो जमतो. माझं मत विचाराल तर दाणे सोसावेत, हललेले डोळे सोसू नयेत. दाणे संगणकावर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.

हिरवी नवरी, पट्ट्यांची भिंत

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा तांबूस, दुपारच्या उन्हाचा पांढरा, सावलीतला निळसर. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात बऱ्याचदा हिरव्याचा भाग जास्त असतो. आपला मेंदू हे फरक पुसून टाकतो. दह्याची वाटी कोणत्याही दिव्याखाली आपल्याला पांढरीच दिसते. कॅमेऱ्याला सांगावं लागतं की इथे पांढरं कशाला म्हणायचं. या सांगण्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. लग्नात स्टेजवर पिवळे हॅलोजन, छताला ट्यूब, मागे रंग बदलणारी एलईडी भिंत आणि वरून लाल-पिवळं मांडवाचं कापड, अशी सगळी सरमिसळ असते. कॅमेरा गोंधळतो.

यावर उपाय म्हणजे फोटो रॉ प्रकारात साठवणं. जेपेग म्हणजे गिरणीतून दळून आणलेलं पीठ, रॉ म्हणजे घरातले गहू. जाडसर दळायचं की बारीक, हे गहू हाती असताना ठरवता येतं. रॉमध्ये रंग नंतर निवांत बसून सुधारता येतो. त्यासाठी कार्डात जागा आणि घरी वेळ जास्त लागतो.

दुसरी एक खोड नवख्याला हमखास छळते. अक्षता थांबवायला शटर वेगवान केलं की काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलते, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून दिवा मंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं की दिव्याचे पूर्ण हेलकावे सामावतात आणि पट्टे जातात. पण मग अक्षतांची रेघ होते. हा पेच फ्लॅश सोडवतो. फ्लॅशची झळक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून लहान असते. बाकी उजेड मंद असेल तर शटर कितीही वेळ उघडं असो, अक्षता त्या झळकेपुरतीच उमटते.

फ्लॅशचा उजेड मात्र अंतराबरोबर झपाट्याने संपतो. दोन मीटरवरच्या माणसाला जेवढा मिळतो, त्याच्या चौथा भाग चार मीटरवरच्याला. स्टेजवरच्या घोळक्यात पुढे उभा काका पांढराफटक आणि मागची आजी अंधारात, त्यामागे हेच गणित आहे. हॉलमध्ये फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवला की उजेड वरून सगळ्यांवर सारखा पसरतो. लॉनवर छतच नसतं आणि मांडवाला लाल कापड असतं. तिथे फ्लॅश वर मारला तर वऱ्हाड लालेलाल होतं. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी जागा पाहून यावी. जागा न पाहता ऑर्डर करू नये, हा नियम मी कुणालाही मोडू देणार नाही.

पांढरं वस्त्र राखाडी का होतं

आपल्या जिल्ह्यात बौद्ध पद्धतीचे विवाह मोठ्या संख्येने होतात. तिथे वधू-वर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात आणि मागे बुद्धाची व बाबासाहेबांची प्रतिमा असते. कॅमेरा आपोआप मोडवर ठेवला तर त्या पांढऱ्या साडीचा फोटो मळकट राखाडी येतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. आलेल्या उजेडापैकी सुमारे 18 टक्के परत फेकणारा तो राखाडी. समोर सगळं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. काळ्या कोटातला नवरदेव आला की उलटं होतं, कोट राखाडी आणि चेहरा फटक. म्हणून पांढऱ्यासाठी एक पायरी वर आणि काळ्यासाठी एक पायरी खाली, असं हाताने सांगावं लागतं. ज्या घरी तीन पिढ्यांनंतर कुणाच्या लग्नाचा नीट अल्बम होतो आहे, तिथे साडीचा पांढरा रंग पांढराच आला पाहिजे.

चौकट: पहिला ॲडव्हान्स घेण्याआधी

नोकरी सरकारी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. खासगी नोकरीत नेमणूकपत्र वाचावं.

दहापेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं.

फोटोचा मालक कोण? कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 17 सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. म्हणून नवरीचा फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल तर आधी लेखी संमती घ्यावी.

तारीख एकदाच विकता येते

किराणा दुकानदाराचा साबण आज खपला नाही तर उद्या खपतो. फोटोग्राफरचा माल म्हणजे तारीख. ती गेली की गेली, आणि दोन गिऱ्हाइकांना विकताही येत नाही. त्यातून हिंदू लग्नं मुहूर्तावर होतात आणि मुहूर्त सगळ्यांना एकाच पंचांगातून मिळतात. त्यामुळे एका मंगळवारी जिल्ह्यातलं एकही कार्यालय रिकामं नसतं आणि पुढचे दहा दिवस शुकशुकाट.

हे असं का होतं ते पाहण्यासारखं आहे. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास, त्यात लग्नं नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. चांद्र वर्ष 354 दिवसांचं आणि सौर वर्ष 365 दिवसांचं. अकरा दिवसांची ही तूट भरून काढायला साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास येतो, आणि त्यातही लग्न टाळतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, तो चातुर्मासातच असल्याने आपल्या धंद्याला फारसा जाणवला नाही. 2026 मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा पडतो, म्हणजे ऐन हंगामातला महिना जातो. शिवाय गुरू किंवा शुक्र आकाशात सूर्याच्या फार जवळ आला की तो दिसेनासा होतो. त्याला अस्त म्हणतात, आणि त्या काळात मुहूर्त धरत नाहीत. 2024 च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, मे महिन्यात गुरूचाही. त्या उन्हाळ्यात लोकांना काढीव मुहूर्तांवर भागवावं लागलं.

नोकरदाराने याचा अर्थ असा घ्यावा की वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग आणि रजेचा हिशेब शेजारी ठेवून बसायचं. शनिवार-रविवारी पडणारे मुहूर्त वेगळे काढायचे, त्यात आपल्या किती रजा घालता येतील ते पाहायचं आणि तेवढ्याच ऑर्डर घ्यायच्या. सत्यशोधक, बौद्ध किंवा नोंदणी पद्धतीच्या लग्नांना मुहूर्ताचं बंधन नसतं. ती लोक सोयीच्या सुटीच्या दिवशीही ठेवतात, म्हणून अर्धवेळ काम करणाऱ्याला ती फार सोयीची जातात.

चेन झिजते, शटरही झिजतं

दर किती सांगायचा? नवखा माणूस शेजारच्या स्टुडिओपेक्षा हजार रुपये कमी सांगतो आणि तिथेच फसतो. सायकलवाल्याला माहीत असतं की चेन तीन-पाच हजार किलोमीटरमध्ये ताणली जाते आणि ती वेळेत बदलली नाही तर मागचे दातही खाऊन टाकते. प्रत्येक किलोमीटरला चेनचा थोडा पैसा खर्च होतच असतो, तो दिसत नाही इतकंच. कॅमेऱ्याचं यांत्रिक शटरही साधारण एक-दोन लाख फोटोंसाठी बनवलेलं असतं. एका लग्नात अडीच हजार फोटो आणि वर्षाला 14 लग्नं धरली, तर 35,000. दोन लाख सहा वर्षांच्या आत संपतात.

एक काल्पनिक हिशेब मांडतो, आकडे आपापले घालावेत. समजा दोन कॅमेरे, लेन्स, फ्लॅश मिळून 2,40,000 रुपये लागले आणि ते चार वर्षं चालले. वर्षाला 60,000. दुरुस्ती, विमा, हार्ड डिस्क, एडिटिंगचं सॉफ्टवेअर यांचे 24,000. एकूण 84,000, म्हणजे 14 लग्नांत प्रत्येकी 6,000. मदतनीस 2,500, गाडीभाडं 1,000, अल्बमची छपाई 6,000. खिशातून गेले 15,500. आता वेळ. बोलणी दोन तास, हळद आणि लग्न मिळून 14, निवड पाच, एडिटिंग 16, अल्बमची मांडणी आठ. झाले 45 तास. तासाला 200 रुपये धरले तरी 9,000. म्हणजे या ऑर्डरचा दर 24,500. कुणी "15,000 मध्ये करून दे, घरचंच लग्न आहे" म्हटलं आणि आपण मान डोलावली, तर 45 तास फुकट जातात आणि वर 500 रुपये पदरचे. घरच्या माणसाला फुकट फोटो काढून द्यावेत, मनापासून आहेर म्हणून द्यावेत. पण अर्ध्या किमतीत धंदा करू नये, कारण मग तोच गावातला दर होतो आणि ज्याचं पूर्ण घर या कामावर चालतं त्याच्या पोटावर तो येतो.

यात न दिसणारा आणखी एक खर्च म्हणजे जपणूक. दोन कार्डांत एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा घ्यावा. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत करावी आणि एक प्रत घराबाहेर ठेवावी. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

चातुर्मासाचे रविवार

मुहूर्त थांबतात तेव्हाच आपला डोंगर हिरवा होतो. पंचांगाने नोकरदार फोटोग्राफरला दिलेली ही देणगी आहे. ऑर्डर नाहीत, अल्बम पोचते झाले आहेत, आणि बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य ओलंचिंब झालेलं असतं. तिथे अस्वलं आणि बिबटे आहेत, म्हणून उजाडल्यावरच निघावं आणि एकट्याने जाऊ नये. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालून 2019 च्या डिसेंबरात याच जंगलात पोचला होता.

हे रविवार कामाचेही आहेत. सोबत्याला पुढून जाऊ द्या, शटर 1/30 वर ठेवा आणि त्याच्या गतीने कमरेपासून वळत फोटो घ्या. सायकलवाला स्पष्ट येतो आणि मागचं रान रेघांचं होतं. याला पॅनिंग म्हणतात. पहिल्या पन्नासात दोनच जमतील. पण वरातीत घोड्यावरचा नवरदेव समोरून जाईल तेव्हा हात आपोआप वळेल, आणि सुरुवातीला जी रेघ खोड वाटली होती तीच कामाला येईल.

सायकलीवरून जागाही कळतात, कारण ती उजेड पाहता येईल इतक्या संथ जाते. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि कड तळापासून शंभर मीटरहून उंच. त्यामुळे आत सूर्य लवकर मावळतो आणि वर आकाश उजळलेलंच राहतं. चेहऱ्यावर त्या वेळी जो मऊ, सावलीविना उजेड पडतो, तो फ्लॅशला देता येत नाही. तिथे प्री-वेडिंगचा विचार असेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्यावी. ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर पाणथळ जागाही.

शेवटी एक विनंती. ज्याला हे काम करायचं आहे, त्याने कॅमेरा विकत घेण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्या दादांना भेटावं आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन-चार ऑर्डरवर हाताखाली काम मागावं. लाईट धरावा, बॅटऱ्या भराव्यात, जेवणं उरकेपर्यंत उभं राहावं. मोबाईल खिशात ठेवावा आणि अंतरपाट खाली येताना ते कुठे उभे राहतात, ते पाहावं.